नीलाताईंचा भयांक

अग्निशमन दलाच्या भरतीत ईश्वरी मोहोड नापास झाली, आणि तिला नापास केलं ते तिच्याच शरीरानं.

बाकी सगळं तिनं चोख केलं होतं. शिडी चढून झाली, दोरावरून उतरून झालं, पाण्याच्या पाइपचं वेटोळं खांद्यावर घेऊन पळून झालं. शेवटच्या चाचणीत धुरानं भरलेल्या खोलीतून माणसाच्या वजनाचा पुतळा बाहेर काढायचा होता. तोही तिनं वेळेआधी काढला. मास्क उतरवून ती उभी राहिली तेव्हा भिंतीवरच्या पडद्यावर तिच्या नावापुढे आकडा आला. एकाहत्तर. मर्यादा चाळीसची होती.

“तुमच्या कामात चूक नाही,” वरिष्ठ अधिकारी देवव्रत राऊळ तिला बाजूला घेऊन म्हणाले. भरतीत हा नियम त्यांनीच आणला होता. “पण आत असताना तुम्ही फार घाबरलेल्या होतात. आज निभावलं. उद्या निभावेल याची खात्री मला देता येत नाही. माझ्या एका जवानानं धुरात घाबरून स्वतःचा मास्क काढला होता. त्याच्या आईला सांगायला मीच गेलो होतो.”

ईश्वरी घाबरली होती, हे खरंच होतं.

त्या आकड्याला भयांक म्हणत. धावलं की छाती धडधडते आणि घाबरलं तरी धडधडते. या दोन धडधडींतला फरक यंत्रांना बरीच वर्षं कळत नव्हता. तो कळायला लागला आणि मनगटावर बांधायची एक पट्टी बाजारात आली. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांवर प्रकाश टाकून ती हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर मोजायची. निवांत माणसाच्या ठोक्यांत श्वासागणिक थोडी कमीजास्त लय असते. भीतीत ती लय जाते आणि ठोके एकसुरी पडू लागतात. शिवाय घामामुळे त्वचेतून वीज किती सहज वाहते आहे, बोटांची टोकं किती गार पडली आहेत, हेही पट्टी बघायची आणि सगळ्याचा मेळ घालून शून्य ते शंभरमध्ये एक आकडा द्यायची. सुरुवातीला ती मनोरुग्णांच्या उपचारांसाठी होती. मग लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांना आली, मग भरत्यांमध्ये. कमी भयांक म्हणजे धैर्य, असं लोक धरूनच चालले. लग्नाच्या स्थळांच्या माहितीत उंचीच्या खाली कुणीकुणी भयांकही लिहू लागलं होतं.

अमरावतीला घरी परतल्यावर ईश्वरी दोन दिवस खोलीबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी तिचा मोठा भाऊ मंदार तिच्या खोलीत आला. राजापेठेत त्याचं औषधांचं दुकान होतं.

“पुढची भरती वर्षानं आहे ना?” तो म्हणाला. “मग रडत काहून बसली? सराव कर.”

“भीतीचा सराव कसा करतात?”

“आमच्या ‘खंदक’मध्ये ये.”

खंदक हा एक मॉड होता. एका जुन्या, सगळ्यांच्या ओळखीच्या युद्धखेळावर काही हौशी लोकांनी फुकट, केवळ आवडीपोटी रचलेला नवा थर. मूळ खेळात पडद्यावर नेम धरायची खूण असायची, नकाशावर शत्रूचे लाल ठिपके असायचे, आणि मेलं की लगेच पुन्हा जिवंत होता यायचं. खंदकनं हे सगळं काढून टाकलं होतं. एक गोळी लागली की माणूस खाली. सोबती वेळेत पोचला, जखम बांधली, तर वाचला. नाही पोचला तर मोहीम संपेपर्यंत अंधारा पडदा बघत बसायचं. समोर यंत्र नसायचं, माणसांचीच दुसरी तुकडी असायची. आणि मनगटावर भयांकाची पट्टी बांधल्याशिवाय आत शिरताच यायचं नाही. भयांक चढला की खेळातली बंदूक थरथरायची, नजरेच्या कडा काळ्या पडायच्या, सोबत्यांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे व्हायचे. घाबरलेल्या सैनिकाच्या शरीरात जे होतं, तेच.

“पहिल्या दिवशी बंदूक विसर,” मंदारनं हेडसेट तिच्या कानांवर बसवत सांगितलं. “फक्त ऐक. आणि पळू नको.”

रविवारची दुपार होती, जेवणं नुकतीच उरकली होती. ईश्वरीनं पडद्यावर एक गवताळ टेकडी पाहिली, खाली कौलारू गाव पाहिलं, आणि लगेच पळाली. कुठून गोळी आली हे कळायच्या आत पडदा काळा झाला.

मेलेल्याला बोलता येत नसे, तुकडीचा रेडिओ मात्र ऐकू येई. त्या अंधारात तिनं नीलाताईंचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

“नवीन मुलगी पडली. तिच्यापर्यंत आता जाता येणार नाही. ईश्वरी, तुला ऐकू येतंय. वाईट वाटून घेऊ नको. बसून ऐक, आम्ही काय करतो ते.”

मग तासभर तिनं नुसतं ऐकलं. आठ जणांची तुकडी त्या गावात शिरत होती आणि त्यातलं कुणीही ओरडत नव्हतं. नीलाताई छोटी छोटी वाक्यं बोलायच्या आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबायच्या. “मंदार, विहिरीपाशी थांब.” शांतता. “इम्तियाज, तुझ्या डावीकडे भिंत संपते. तिथे वाक.” शांतता. लातूरचा दंतवैद्य असलेला इम्तियाज शेख तुकडीचा मेडिक, म्हणजे जखमींना सांभाळणारा, होता. तो जखमी मंदारजवळ पोचेपर्यंत नीलाताई फक्त इम्तियाजशी बोलत राहिल्या, वाट चुकलेल्या पाहुण्याला घरचा पत्ता सांगावा तशा. मंदार वाचला. मोहीम संपली तेव्हा ईश्वरीच्या लक्षात आलं की, मेल्यावर साठावर गेलेला तिचा भयांक आता तिसाच्या आत आला होता.

“ह्या कोण आहेत?” तिनं विचारलं.

“नीलिमा घारपुरे. नागपूरच्या. विमानतळाच्या टॉवरवर होत्या, विमानांना उतरवायच्या. आता निवृत्त झाल्या.” मंदारच्या बोलण्यात अभिमान होता, जणू त्या आपल्याच घरच्या. “त्यांच्या तुकडीत यायला लोक थांबून राहतात.”

नीलाताईंनी तिला पहिले काही आठवडे बंदूक उचलूच दिली नाही. आधी रेडिओवर बोलणं. “मी कोण, कुठे आहे, काय दिसतंय. एवढं सांगायचं आणि बटण सोडायचं. तू बोलत असतेस तेव्हा दुसरा कुणी मदत मागू शकत नाही, हे लक्षात ठेव.” मग चालणं. कुठली जमीन आवाज करते, गवतात बसलं की काय दिसतं, उघड्यावरून जाताना सोबती नेमका कुठे हवा. मग जखमीला ओढून आणणं. ईश्वरी चुकायची, मरायची, अंधारात बसून ऐकायची. नीलाताई रागवायच्या नाहीत. मोहीम संपली की फक्त विचारायच्या, “तुला काय वाटतं, काय बघायचं राहिलं?” आणि उत्तर मिळेपर्यंत थांबायच्या.

त्यांचा आवाज काय करतो, हेही ईश्वरीला हळूहळू उमगलं. मेंदूकडून हृदयाकडे जाणारी एक लांब नस आहे. सावकाश सोडलेल्या श्वासानं ती हृदयाला आवर घालते. नीलाताई वाक्यानंतर थांबायच्या त्या शांततेत ऐकणारे सगळे नकळत श्वास सोडायचे. गावोगावची ती माणसं एका बाईच्या बोलण्यावर श्वास घेत होती. तुकडीच्या नायकाला, म्हणजे नीलाताईंना, सगळ्यांचे भयांक दिसायचे. नायकाचा मात्र कुणाला दिसायचा नाही. पण तो काय असेल याबद्दल कुणाला शंका नव्हती. “पाच,” मंदार म्हणायचा. “फार तर सहा.”

भरती जवळ आली तेव्हा ईश्वरीच्या हातात सगळं आलं होतं. आकडा तेवढा हलला नव्हता. गोळीबार सुरू झाला की तो सत्तरला जायचा आणि ताईंच्या आवाजानं पन्नासवर येऊन अडायचा.

एका सकाळी मंदारनं दुकानातून आणलेलं औषधाच्या गोळ्यांचं पाकीट तिच्यापुढे ठेवलं.

“हृदयाचे ठोके आवरायची साधी गोळी आहे. तुला दम्याचा त्रास नाही, प्रकृती ठणठणीत आहे, मी पाहून-विचारूनच आणली. हिच्यावर बंदी नाही. खरं सांगू, अर्धे उमेदवार घेऊन येतात.”

“ही फसवणूक झाली.”

“कोणाची? तू काम करू शकतेस हे तुलाही माहीत आहे, त्या साहेबालाही माहीत आहे. आकड्यापायी तुझं वय निघून चाललं, बाई.”

त्याच्या आवाजात माया होती, म्हणून तिला नाही म्हणता आलं नाही. त्या रविवारी मोहिमेआधी तिनं एक गोळी घेऊन पाहिली.

विलक्षण अनुभव होता तो. गोळीबार चालू होता आणि तिची बंदूक कापत नव्हती. नजर स्वच्छ, कान स्वच्छ, आकडा बावीस. तिला वाटलं, धीट माणसांना असंच वाटत असणार. एका शाळेच्या इमारतीत ती सगळ्यांत पुढे होती. तिनं वर्ग पाहिले, व्हरांडा पाहिला आणि मागच्यांना कळवलं, “मोकळं आहे, या.” जिन्याखालची जागा तिनं पाहिली नव्हती. एरवी अशा जागेपाशी तिचे पाय आपोआप अडायचे. आज ते अडले नाहीत. जिन्याखाली दोघं दबा धरून बसले होते. तुकडीतले पाच जण एकामागून एक पडले, नीलाताईंसकट.

मोहीम संपल्यावर बाकीचे निघून गेले. नीलाताई थांबल्या.

“आज तू एकदाही काही विचारलं नाहीस,” त्या म्हणाल्या. “एरवी विचारतेस. तिथे कोण बघतंय, मागे कोण आहे. आज नाही.”

ईश्वरीनं त्यांना गोळीचं सांगून टाकलं.

“उरलेल्या मंदारला परत दे,” नीलाताई म्हणाल्या. “आणि पुढच्या रविवारपासून तू माझी उपनायक.”

उपनायकाला नायकाचा पडदा मिळायचा, कारण नायक पडला तर तुकडी त्यानंच सांभाळायची. नीलाताईंनी आजवर कुणालाच उपनायक केलं नव्हतं. पुढच्या रविवारी ईश्वरीसमोर पहिल्यांदा सगळे आकडे उघडले. मंदार एकतीस, इम्तियाज अठ्ठावीस, बाकीचे तिशी-चाळिशीत. सगळ्यांत वर नीलिमा घारपुरे. शहाऐंशी.

पट्टी बिघडली असणार, असं तिला वाटलं. “इम्तियाज, घाई नाही,” नीलाताई कानात सांगत होत्या, नेहमीच्याच संथ सुरात. “तुझ्याकडे वेळ आहे.” आकडा एकोणनव्वद झाला. त्या थांबल्या. इम्तियाजचा आकडा चोविसावर उतरला. नीलाताईंचा एकोणनव्वदवरच होता. पूर्ण मोहीमभर तो ऐंशीच्या खाली आला नाही, आणि आवाजाला एकदाही तडा गेला नाही.

त्याच आठवड्यात ईश्वरी बसनं नागपूरला गेली. प्रतापनगरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराचं दार एका ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाईंनी उघडलं. आवाज ओळखीचा नसता तर याच नीलाताई, हे ईश्वरीला पटलं नसतं. त्यांनी तिला स्वयंपाकघरातच बसवलं आणि कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळायला घेतल्या.

“पट्टी बिघडलेली नाही,” तिनं विचारायच्या आतच त्या म्हणाल्या. “मी नेहमीच अशी आहे. नोकरीत पट्ट्या नव्हत्या म्हणून निभावलं. आजच्या नियमानं मला टॉवरची पायरीसुद्धा चढू दिली नसती.”

“पण तुमचा आवाज...”

“एकदा धुळीचं वादळ उठलं होतं. दोन विमानं वर होती. एकाचं इंधन संपत आलेलं, दुसऱ्याची यंत्रं दगा देत होती. दोन्ही उतरली. त्यातला एक वैमानिक मला भेटायला वर आला. मला म्हणाला, मॅडम, तुम्ही बोलत होतात म्हणून माझा हात स्थिर राहिला. मी त्याच्यासाठी चहा ओतायला गेले तर अर्धा चहा बशीबाहेर. कप धरवेना मला. त्यानं ते पाहिलं. स्वतःच उठून चहा ओतून घेतला.”

त्यांनी झाऱ्यानं वड्या उलटल्या.

“भीती मला सांगते, कुठे बघायचं राहिलंय. मी तिथे बघते. तिचा माझा एवढाच व्यवहार. आणि आवाज म्हणशील, तर समोरच्याला जो लागतो तो मी देते. माझ्या छातीत काय चाललंय ते त्याला कशाला?”

“तुकडीला माहीत आहे?”

“नाही.” पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे पाहणं टाळलं. “आणि कळू नये असं वाटतं. माझा आकडा पाच असल्याच्या भरवशावर ती माणसं शांत राहतात. शहाऐंशी कळला तर त्यांचा श्वास चुकेल. निवृत्त झाल्यापासून या रविवारच्या दुपारीच काय त्या माझ्या आहेत, ईश्वरी.”

हे राऊळांना सांगाल का, असं ईश्वरीच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं ते मागितलं नाही. वड्या खाल्ल्या, वाकून नमस्कार केला आणि संध्याकाळच्या बसनं ती परतली.

मागितलं नव्हतं तरी पुढच्या आठवड्यात नीलाताईंनी स्वतः राऊळांना फोन केला. काय बोलल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तुकडीला एवढंच कळवलं की, येत्या रविवारी एक पाहुणे बघायला येणार आहेत आणि त्या दिवशी सगळ्यांचे भयांक सगळ्यांना दिसतील.

“तुमचाही?” मंदारनं हसत विचारलं.

“माझाही.”

त्या दिवशीची मोहीम नदीकाठच्या एका बाजारपेठेतून जखमी सैनिकाला उचलून पुलापलीकडे नेण्याची होती. राऊळ निरीक्षक म्हणून आले होते. नियमाप्रमाणे त्यांनाही पट्टी बांधावी लागली होती, आणि त्यांचं नाव यादीत सगळ्यांत खाली होतं. सुरुवातीला सगळे आकडे शांत होते. एक वगळता. मोहीम सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांत वरच्या नावापुढे ब्याऐंशी होता.

ईश्वरीनं पाहिलं, मंदारचा आकडा एकोणतीसवरून चव्वेचाळीस झाला. इम्तियाजचा पन्नास. यादीभर आकडे चढू लागले. नीलाताईंना ज्याची भीती होती तेच होत होतं.

“ताई,” इम्तियाज चाचरत म्हणाला, “तुमची पट्टी बिघडली वाटतं.”

“नाही. चालू आहे. मी घाबरलेली आहे.” त्या थांबल्या. “आधीही असायचे. आज तुम्हाला दिसतंय.” पुन्हा थांबल्या. “इम्तियाज, उजवीकडच्या कापडाच्या दुकानाचं छप्पर बघ. मला तिथली भीती वाटते.”

इम्तियाजनं दुर्बीण वळवली. छपरावर पत्र्याआड बंदुकीची एक नळी बाजारपेठेच्या तोंडावर रोखलेली होती. ते तसेच पुढे गेले असते तर निम्मी तुकडी तिथेच संपली असती.

“आहे एक जण,” तो म्हणाला.

“छान. मग आपण गल्लीतून जाऊ. मंदार पुढे. ईश्वरी, तुला कशाची भीती वाटते ते सांग.”

ईश्वरीचा आकडा अडुसष्ट होता. तिनं बटण दाबलं. “ईश्वरी. गल्लीच्या तोंडाशी. पुलाच्या अलीकडचा मोडका ट्रक.”

“बरोबर. त्याच्यावर नजर ठेव.”

गल्लीतून ते जखमीपर्यंत पोचले. ट्रकमागून गोळीबार झाला, पण ईश्वरी त्याचीच वाट पाहत होती. पुलावर धूर सोडून त्यांनी जखमीला ओढायला सुरुवात केली. पूल लांब होता, पाणी खाली काळं दिसत होतं, आणि धुरातून गोळ्या सणसणत होत्या. नीलाताईंचा आकडा एक्क्याण्णव. “एकेक पाऊल,” त्या म्हणत होत्या. “कठड्याला हात लावून.” शांतता. “आता पुढचं.” ईश्वरीनं धावती नजर यादीवर टाकली. मंदार चौतीस. इम्तियाज एकतीस. ताईंचा आकडा डोळ्यांसमोर होता, सगळ्यांना दिसत होता, आणि तरी सगळे त्या आवाजावर पावलं टाकत होते. फक्त सगळ्यांत खालचं नाव, देवव्रत राऊळ, पूल सुरू झाला तेव्हा त्रेसष्टवर होतं. पुलाच्या मध्यावर ते पन्नास झालं. पलीकडच्या काठाला ते चाळीसच्या आत आलं.

जखमी पोचला. तुकडीतलं कुणी मेलं नव्हतं.

“मॅडम,” राऊळ म्हणाले. “पट्टी काढली तर चालेल का आता?”

“थोडं थांबा, साहेब,” नीलाताई म्हणाल्या. “अजून पूल ओलांडून परत यायचंय.”

नियम एका दुपारीत बदलले नाहीत. राऊळांनी आधी दलातल्या जुन्या जवानांना पट्ट्या बांधल्या आणि आगीची वर्दी आली की तसंच पाठवलं. ज्यांच्या भरवशावर इतर जण आगीत शिरायचे अशा तिघांचे आकडे सत्तरच्या वर निघाले. एकाला ते कळल्यावर तो दोन दिवस रजेवर गेला, आणि राऊळांना त्याच्या घरी जाऊन त्याला परत आणावं लागलं. काही जण मात्र आकडा चढला की खरोखरच हातपाय गाळून बसत होते. राऊळांनी तेही लपवलं नाही. शेवटी भरतीतली मर्यादा गेली. भयांक मोजणं राहिलं, पण तो चढल्यावर उमेदवार काय करतो, काय बघतो, सोबत्याशी कसा बोलतो, त्याला गुण आले.

ईश्वरी धुराच्या खोलीत पुन्हा गेली तेव्हा तिचा आकडा चौऱ्याहत्तर होता. आत या वेळी पुतळा नव्हता, तिच्यासोबत पाठवलेला दुसरा उमेदवार होता, आणि मध्येच त्याच्या मास्कचा पट्टा निसटला. ती त्याच्याशी बोलत राहिली. पट्टा बसवला, वेळ संपल्याचे दिवे लागायच्या आत त्याला बाहेर आणलं. संध्याकाळी यादी लागली, त्यात दोघांचीही नावं होती.

मैदानाच्या कडेला उभं राहून तिनं आधी घरी फोन केला. आईनं मंदारच्या हातातून फोन ओढून घेतलेला तिला ऐकू आला. मग तिनं नागपूरला लावला.

“ताई, मी ईश्वरी. निवड झाली.”

मग नीलाताई बोलायला लागल्या. भरभर, मध्ये न थांबता, एका वाक्यात दुसरं मिसळत. हुंदके आवरत काहीतरी सांगत होत्या, आणि ईश्वरीला त्यातला एक शब्द नीट लागत नव्हता. ती फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिली. घाई न करता, मधे जागा सोडत, ती म्हणत राहिली, “हो, ताई. ऐकतेय मी. सांगा.”